जेसन इझबेलचा 'फॉक्सेस इन द स्नो' : ज्या संसारावर गाणी लिहिली तोच मोडला, आता जुनी गाणी कशी ऐकायची?

ओलीमाती
जेसन इझबेलचा नवा अल्बम ७ मार्च २०२५ला आला. गेल्या आठवड्याभरात दहा-बारा वेळा तरी ऐकून झाला, पण मनातला गुंता काही सुटेना. म्हणून हा धागा.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इझबेल अलाबामाचा, जन्म १९७९. २००१ ते २००७ 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडमध्ये होता, मग स्वतंत्र झाला. दारूने त्याला पार पोखरलं होतं. २०१२ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि बाटली सुटली. त्याला तिथे पाठवण्यात जिचा मोठा वाटा होता ती अमांडा शायर्स, फिडल वाजवणारी आणि स्वतः गाणी लिहिणारी. २०१३ मध्ये दोघांनी लग्न केलं, त्याच वर्षी 'साउथईस्टर्न' आला. त्यातलं पहिलंच गाणं, 'कव्हर मी अप', तिच्यासाठी लिहिलेलं. पुढे २०१७ मध्ये 'इफ वी वेअर व्हँपायर्स'. आपल्या दोघांतलं कुणीतरी एक आधी जाणार, म्हणून तर या सोबतीला मोल आहे, असं तो त्यात म्हणतो. आणि त्याच्या आवाजाला लागून अमांडाचाच आवाज येतो.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याने घटस्फोटाचा अर्ज केला. आणि आता हा अल्बम. ११ गाणी, एक गळा, एक गिटार. बँड नाही, ड्रम नाहीत, फिडल तर नाहीच.

माझा प्रश्न नव्या गाण्यांबद्दल नाही, जुन्यांबद्दल आहे. चार वर्षांपूर्वी सासरे आयसीयूत होते. रात्री अकराला हॉस्पिटलमधून निघाल्यावर गाडीत आम्ही दोघं 'व्हँपायर्स' लावायचो. बोलायचो काहीच नाही. सिंहगड रोडवरून घरी येईपर्यंत दोनदा-तीनदा व्हायचं. आता ते गाणं लागलं की माझं बोट आपोआप पुढच्या गाण्यावर जातं. ज्याने लिहिलं त्यालाच ते निभावता आलं नाही, ही टोचणी जात नाही. तुमचं काय होतं?

टेकडीवरचा
रुमाल टाकून ठेवतो. विषय जवळचा आहे, रात्री सविस्तर लिहितो.

मधुघट७२
ओलीमाती, लेखन आवडलं, पण मला हा प्रश्नच पडत नाही. सुताराने खाट केली, त्याचा संसार मोडला, म्हणून आपण त्या खाटेवर झोपायचं थांबवतो का? गाणं एकदा बाहेर पडलं की ते ऐकणाऱ्याचं. तुमच्या गाडीतलं 'व्हँपायर्स' तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचं. त्यात इझबेल कुठे आला?

सप्तरंगी_शिंपी
मधुघटजी, खाटेवर सुताराच्या बायकोचं नाव कोरलेलं नसतं. इथे तेच आहे. 'कव्हर मी अप'मध्ये तो कुठल्यातरी नायिकेबद्दल गात नाही, स्वतःची दारू सुटल्याचं सांगतो, आणि ते सगळ्या जगाला माहीत आहे.

मला वाटतं आपली गोची इथेच होते. आपण वाढलो भावगीतांवर. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, गळा आशाबाईंचा. गाण्यातलं दुःख नेमकं कुणाचं, हे विचारायची सोयच नाही, आणि कुणी विचारतही नाही. हे सिंगर-साँगरायटर प्रकरण वेगळं आहे. लिहिणारा, चाल बांधणारा, गाणारा एकच. आणि ऐकणारा धरून चालतो की गाण्यातला 'मी' म्हणजे समोर उभा असलेला हाच माणूस. आपल्याकडे असा हिशेब फक्त अभंगाशी होतो. शेवटी 'तुका म्हणे' आलं की तो शब्द त्याच माणसाच्या नावे जमा होतो.

कावळ्याची_वही
'तुका म्हणे'चा मुद्दा फार आवडला. यावर वेगळा धागा काढा ना ताई.

सहा_तारा
गिटारबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी वीस वर्षं अकूस्टिक वाजवतोय.

या अल्बमवर जी गिटार आहे ती मार्टिन कंपनीची, १९४० सालची, मॉडेल ०-१७. अंगाने छोटी, आणि पुढची फळीसकट सगळी मॉहॉगनीची. नेहमीच्या मार्टिनला पुढची फळी स्प्रूसची असते, तिच्यामुळे सूर चकाकतो, लांबवर घुमत राहतो. मॉहॉगनीची फळी सूर आखडता घेते. तार छेडली की 'ठक्' करून सूर उभा राहतो आणि लवकर विरतो, शेपूट राहत नाही. त्यामुळे दोन सुरांमध्ये खरी शांतता ऐकू येते. घरात दिवे गेल्यावर फ्रिजची घरघर थांबते आणि आपल्याला एकदम कळतं की इतका वेळ आवाज होता, तसं काहीसं. चांगले हेडफोन लावून ऐका. जाड तारांवरून बोटं सरकतात त्याची कुरकुरसुद्धा पकडता येते.

रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रिक लेडी'त झालं, जिमी हेंड्रिक्सने उभारलेला स्टुडिओ, १९७० मध्ये सुरू झालेला. सगळं मिळून पाच दिवसांत उरकलं. निर्मिती त्याची आणि जीना जॉन्सनची. एरवी इझबेल इलेक्ट्रिक गिटारवर, त्यातही स्लाइडवर (तारांवरून नळी सरकवून वाजवतात ते) मोठा वस्ताद आहे. हाताशी एवढं असताना त्याने ते बाजूला ठेवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या 'बरी मी'ची सुरुवात तर गिटारही न घेता, नुसत्या गळ्याने आहे.

टोपलीभर_भाजी
सहा_तारा, फ्रिजची उपमा एकदम पटली.

पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे. मला अल्बम अर्ध्यानंतर एकसुरी वाटला. 'फोर हंड्रेड युनिट', म्हणजे त्याचा बँड, नसल्याची चुटपुट लागून राहते. २०२३ चा 'वेदरव्हेन्स' आठवा, त्यात बँड कसा श्वास घेतो! ग्रॅमी काय उगीच मिळालं नाही त्याला. इथे 'डोंट बी टफ' म्हणजे सल्ल्यांची यादी झालीये, एकाखाली एक सूचना. आणि शीर्षकगीतातलं नवं प्रेम मला कोरडं वाटलं. ज्याने 'एलिफंट'सारखं गाणं लिहिलं, कॅन्सरने चाललेल्या मैत्रिणीबरोबर बारमध्ये बसून त्या एका गोष्टीबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलणारा माणूस ज्याने उभा केला, त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

सहा_तारा
'डोंट बी टफ'बद्दल सहमत नाही. सल्ले देणारं गाणं ही त्याची जुनी रीत आहे. २००३ चं 'आउटफिट' ऐका, ट्रकर्सबरोबरचं. त्यात बाप मुलाला एकेक गोष्ट बजावतो. इझबेलचे वडील घरं रंगवायचे, त्या गाण्यात तो रंगाचा वास आहे. ते लिहिलं तेव्हा हा विशीत होता, ऐकून घेणारा मुलगा. आता पंचेचाळिशी ओलांडलेला बाप झालाय, सांगायची पाळी त्याची आहे. दोन्ही गाणी एकामागून एक लावून बघा.

टोपलीभर_भाजी
लावून बघते. 'आउटफिट' माझं अतिशय आवडतं आहे, पण हा धागा जुळवला नव्हता.

लिंबूसरबत
मी या गावाला नवीन आहे. कंट्री म्हणजे मला कॉलेजच्या गॅदरिंगमधलं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' आणि ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', एवढंच. हा इझबेल नक्की कंट्री की रॉक? आणि 'अमेरिकाना' म्हणजे काय?

कावळ्याची_वही
लिंबूसरबत, स्वागत. तुम्ही नाव घेतलेले ईगल्स कंट्री-रॉकचेच. मुळं त्याच्याही आधीची, 'बर्ड्‌स' या बँडचा १९६८ चा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' आणि त्यातला ग्रॅम पार्सन्स. सोपी खूण सांगायची तर गोष्ट सांगण्याची पद्धत कंट्रीची, गिटारचा आवाज आणि ताल रॉकचा. त्यात पेडल स्टील आलं की चित्र पुरं झालं. पेडल स्टील आपल्याला परकं नाही हो. आपण जिला हवाईन गिटार म्हणतो तिचीच ही बहीण. व्हॅन शिपलेने वाजवलेली हिंदी सिनेमाची गाणी घराघरात होती, गिटार मांडीवर ठेवून, तारांवरून पट्टी सरकवून काढलेला तो रडवा सूर आठवा.

अमेरिकाना म्हणजे कंट्री, फोक, ब्लूज, सोल या सगळ्याची मिसळ, पण कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या रेडिओवर वाजणाऱ्या गुळगुळीत कंट्रीच्या बाहेरची. ग्रॅमीत इझबेल याच खान्यात जिंकत आलाय.

आणि तुम्ही त्याचं एक गाणं बहुतेक ऐकलेलं आहे. 'अ स्टार इज बॉर्न'मध्ये ब्रॅडली कूपर गातो ते 'मेबी इट्स टाइम' इझबेलने लिहिलंय.

लिंबूसरबत
अरे वा! ते तर मला पाठ आहे. धन्यवाद, आज यादी करून बसते.

गुळपोळी_अटलांटा
उशिरा आले. मी जॉर्जियात असते, अलाबामा शेजारी. दोन वर्षांपूर्वी मसल शोल्सला मुद्दाम गाडी काढून गेलो होतो. इझबेलचं गाव, ग्रीन हिल, तिथून वर, टेनेसीच्या हद्दीकडे. सगळा भाग कापसाचा, माती विटेसारखी लाल. कोकणात उतरताना दिसते तशी, पण सपाट, आणि वर उंच काही नाही. नव्या अल्बममधलं 'क्रिमझन अँड क्ले' ऐकलं तेव्हा तीच माती डोळ्यांपुढे आली. गावाची ओढ आहे आणि त्या गावातल्या क्रूरपणाची आठवणही आहे, दोन्ही एकाच दमात. दक्षिणेत राहिल्याशिवाय हे कळायला वेळ लागतो.

मसल शोल्स म्हणजे आकाराने आपलं एखादं तालुक्याचं गाव. पण १९६७ च्या जानेवारीत सोल गायिका अरीथा फ्रँकलिन तिथल्या 'फेम' स्टुडिओत गायली. १९६९ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स जॅक्सन हायवेवरच्या स्टुडिओत, त्या बुटक्या इमारतीत, 'वाइल्ड हॉर्सेस' करून गेले. बाहेरून बघाल तर गॅरेज वाटेल. गोऱ्या गावठी पोरांनी काळ्या गायकांच्या मागे वाजवलं, तेही अलाबामात, त्या काळात. इझबेल त्याच पाण्यावर वाढलाय, तरुणपणी 'फेम'साठी गाणी लिहायचा. त्याच्या आवाजात मला कंट्रीपेक्षा सोलच जास्त ऐकू येतो, तो इथला.

मधुघट७२
गुळपोळीताई, फोटो असतील तर टाका.

टेकडीवरचा
रुमाल टाकला होता, आता लिहितो. चार दिवस लिहू की नको चाललं होतं.

माझा घटस्फोट होऊन सोळा वर्षं झाली. साखरपुडा ते लग्न यात आमच्याकडे पाच महिने होते. ती साताऱ्याला, मी पुण्यात. तेव्हा पेठेत एक कॅसेटवाला होता, तुम्ही यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. मी चौकटीच्या कागदावर वीस गाणी लिहून नेली, सगळी मराठी. त्याने सेकंदांसकट हिशेब केला आणि म्हणाला, "बी साइडला चार मिनिटं उरतात, अजून एक सांगा." मागे रांग होती. मी सुचेल ते सांगून टाकलं. नंतर आमच्या दोघांचं सगळ्यात लाडकं तेच झालं. ती कॅसेट इतकी वाजली की बी साइडच्या सुरुवातीला फीत चुरगळून आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा.

वेगळे झालो तेव्हा सामानाच्या वाटणीत कॅसेट माझ्या खोक्यात आली. मी ती टाकली नाही आणि ऐकलीही नाही. ते एकविसावं गाणं कुठे लागलं की उठून बाहेर जायचो. भाच्याच्या लग्नात ऑर्केस्ट्रावाल्याने घेतलं, तेव्हा हात धुवायच्या निमित्ताने अर्धा तास मांडवाबाहेर उभा होतो.

ओलीमाती, या अल्बममधलं 'ग्रॅव्हलवीड' नीट ऐका. तुम्ही जे विचारताय त्याबद्दल तो स्वतःच तिथे बोललाय. त्या प्रेमगीतांचा अर्थ आता बदलला, त्याबद्दल तो माफी मागतो. ती गाणी खोटी होती असं म्हणत नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि ते परत लावलं. सोळा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की अर्थ बदलणं आणि खोटं ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटीच्या कागदावर ती यादी लिहिणारा पोरगा खोटं लिहीत नव्हता.

सप्तरंगी_शिंपी
टेकडीवरचा, दादा, काय लिहू. वाचून थोडा वेळ बसून राहिले.

ओलीमाती
दादा, मनापासून आभार. 'ग्रॅव्हलवीड' मी ऐकलं होतं, पण माफी तिला मागतोय असंच समजत होते. ऐकणाऱ्यालाही आहे, हे लक्षात आलं नव्हतं.

टोपलीभर_भाजी
'आउटफिट' आणि 'डोंट बी टफ' पाठोपाठ ऐकली. सहा_तारा, तुमचं म्हणणं मान्य. एकसुरीपणाचा आक्षेप मात्र मागे घेत नाही.

गुळपोळी_अटलांटा
एक विसरले. नॅशव्हिलला रायमन सभागृह आहे, १८९२ चं, मुळात प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेलं. बसायला अजूनही चर्चची लाकडी बाकं आहेत, पाठ अवघडते. इझबेल तिथे ऑक्टोबरात सलग बरेच दिवस गातो. मी २०१९ मध्ये गेले होते. 'कव्हर मी अप'मध्ये दारू सोडल्याची ओळ येते, तिथे सगळं सभागृह उठून ओरडतं. माझ्या शेजारी साठीचा एक माणूस होता, डोक्यावर ट्रॅक्टर कंपनीची टोपी. त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि घळाघळा रडला. त्याला जेसनच्या बायकोशी काहीही घेणं-देणं नव्हतं. तो आपल्या स्वतःच्या कुठल्यातरी सुटलेल्या बाटलीसाठी रडत होता.

मधुघटजी, तुमच्या खाटेच्या मुद्द्याला हे माझ्याकडून अनुमोदन.

लिंबूसरबत
'कव्हर मी अप' मी मॉर्गन वॉलेनचं ऐकलं होतं, त्याचंच समजत होते!

कावळ्याची_वही
बऱ्याच जणांचं तसं झालंय. कंट्री गायक वॉलेनने ते २०२१ च्या अल्बममध्ये घेतलं. पुढच्याच महिन्यात वॉलेनचा वर्णद्वेषी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि तरी अल्बम धडाधड खपत राहिला. तेव्हा इझबेलने जाहीर केलं की या गाण्याचे माझ्या वाट्याचे पैसे नॅशव्हिलच्या एनएएसीपी शाखेला जातील. म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना. मला तेव्हापासून हा माणूस जास्त आवडतो.

सहा_तारा
धागा वर आणतोय. सहा महिने झाले, पण कारण तसंच आहे. अमांडा शायर्सचा 'नोबडीज गर्ल' आलाय, २६ सप्टेंबरला. तिच्या बाजूने त्याच मोडलेल्या घराची गोष्ट.

आपण मार्चमध्ये एवढं बोललो, पण तिचं म्हणणं काय असेल हे आपल्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. 'द डीटेल्स' ऐका. आपल्या संसाराचा वापर झाला, गोष्ट त्याच्या सोयीने सांगितली गेली, ही सल त्यात उघड आहे. त्याच्या अल्बममध्ये एक गिटार. तिच्याकडे पियानो आहे, तंतुवाद्यं आहेत, खोलीभर आवाज आहे. आवाज मात्र कापरा आहे आणि तो तिने तसाच राहू दिलाय.

मधुघट७२
सहा_तारा, बरं झालं लिहिलंत. माझी खाटेची उपमा आता मलाच अपुरी वाटते. खाटेवर जिचं नाव कोरलंय तिला विचारायला हवं होतं. सप्तरंगीताई तेच म्हणत होत्या.

सप्तरंगी_शिंपी
मला 'द डीटेल्स' ऐकवलं नाही, पहिल्यांदा मध्येच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुरं ऐकलं. कुणाची बाजू खरी हे ठरवायला मी बसणार नाही, तो आपला अधिकार नाही. पण 'व्हँपायर्स'मध्ये तिचा आवाज मागे, हळू, त्याच्या ओळींना धरून होता. इथे ती पुढे उभी राहून गाते. हा फरक मी दहा वेळा ऐकलाय.

टेकडीवरचा
मी मंडईजवळच्या एका दुकानातून जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. कॅसेटची चुरगळलेली फीत पेन्सिल घालून सरळ केली. बी साइड अजून वाजते. एकविसावं गाणं पुरं ऐकलं.

टोपलीभर_भाजी
दादा, कुठलं ते सांगणार का?

टेकडीवरचा
नको. ते राहू दे आमच्या दोघांत.

ओलीमाती
सहा महिन्यांनी माझ्याच धाग्यावर येतेय. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होऊन आता बराच काळ झाला. परवा रात्री वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, फोनवर गाणी आपोआप पुढे सरकत होती. 'व्हँपायर्स' लागलं. हातात बाबांचा जुना पंचा होता, आता फरशी पुसायलाही वापरायचा नाही म्हणून ठेवलेला. हात ओले नव्हते, फोन शेजारीच होता, तरी बोट पुढे गेलं नाही. नवरा आतून आला, पलंगाच्या कडेला बसला आणि मोज्यांच्या जोड्या लावायला लागला. अमांडाचा आवाज सुरू होतो तिथे यावेळी पहिल्यांदा मी फक्त तिच्याकडे कान लावला.

एक मोजा मिळाला नाही.

लिंबूसरबत
ओलीमाती ताई, आता 'नोबडीज गर्ल' लावते. कुठून सुरू करू, पहिल्यापासून की थेट 'द डीटेल्स'?

सहा_तारा
पहिल्यापासून. क्रम मोडू नका.